चीक : एका शब्दाचा व एका चालीचा इतिहास

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जालना जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. तिचे यमक जुळते ते दखनी बोलीत. मराठी ‘पाळणा’ हा शब्द तेथे घातला, तर ‘ल’च्या जागी ‘ळ’ व ‘न’च्या जागी ‘ण’ येऊन यमक मोडते. यावरून ही म्हण बाजारपेठेच्या मिश्र बोलीत जन्मली असावी आणि तीतील सोने हे व्यापाराचे सोने असावे, असे मानण्यास हरकत नाही. तथापि समृद्धीला उपमा शोधताना म्हण रचणाऱ्याला पाळणाच आठवला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्या पाळण्यातील अर्भकाच्या मुखात पहिल्या तीन दिवसांत काय पडत होते, आणि जे पडावयास हवे होते ते कोठे जात होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

विषयाला निमित्त एका नव्या वैद्यकीय शिफारशीचे आहे. गरोदरपणात मधुमेह जडलेल्या स्त्रीने प्रसूतीपूर्वी, म्हणजे सुमारे छत्तिसाव्या आठवड्यानंतर, स्तनांतून थोडा थोडा चीक हाताने काढून साठवून ठेवावा आणि जन्मानंतर गरज पडल्यास तो बाळाला द्यावा, अशी ही शिफारस आहे. ती ऐकणारी स्त्री अंबडची असो वा परतूरची, तिच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : बाळच अजून जन्मले नाही, दूध आलेले नाही, मग काढावयाचे काय? हा प्रश्न अज्ञानाचा नव्हे. तो भाषेने घालून दिलेल्या वर्गवारीचा आहे. ज्या भाषेत ‘दूध येणे’ ही बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घडणारी घटना आहे, त्या भाषेत त्यापूर्वीचा स्राव ‘दूध’ ठरत नाही. तो ‘चीक’ ठरतो. म्हणून या चालीचा इतिहास पाहताना आरंभ शब्दापासूनच करणे इष्ट.

शब्दाचे सोबती

‘चीक’ हा पुल्लिंगी शब्द मराठीत एकाहून अधिक पदार्थांना लावला जातो. झाडाचे पान वा देठ तोडल्यावर निघणारा पांढरा, दाट रस म्हणजे चीक : वडाचा, पपईचा, रुईचा. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचे पाणी निवळू दिल्यावर तळाशी बसणारे सत्त्व म्हणजेही चीक. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या घरोघरी कुरडया घालतात त्या याच चिकाच्या. व्यालेल्या गाई-म्हशीचे पहिल्या काही दिवसांचे पिवळसर दाट दूध म्हणजे चीक, आणि बाळंतिणीच्या स्तनांतील पहिला पिवळा स्रावही चीकच. चिकट, चिकटणे, चिकण, चिखल या शब्दांशी त्याचे नाते सहज दिसते. संस्कृत ‘चिक्कण’ हा शब्दही याच कुळातील. दाटपणा व चिकटपणा हा या सर्वांचा समान धर्म होय. पोषण हा नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. शब्दाला त्याच्या सोबत्यांचा रंग लागतो. गव्हाचा चीक पौष्टिक म्हणून मुलांना शिजवून देतात. तर रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल, म्हणून मुलांना रुईपासून दूर ठेवतात. बाळंतिणीच्या चिकाची गणना यांपैकी कोणाबरोबर करावयाची, हे शब्द स्वतः सांगत नाही. ते समाजाची चाल सांगते. आपल्या चालीने तो पुष्कळ काळ रुईच्या चिकाच्या बाजूला बसविला. ‘पहिलं दूध घाण असतं’, ‘ते जड असतं’, ‘इतके दिवस साठून खराब झालेलं असतं’, ही कारणे आजही वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ऐकावयास मिळतात. तिसरे कारण विशेष लक्षणीय आहे. हा स्राव गर्भारपणातच तयार होऊन राहिलेला असतो हे ज्ञान त्यात गृहीतच आहे. केवळ त्या ज्ञानापासून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

चिकाच्या उलट ‘पान्हा’ हा शब्द. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’, मराठी ‘पान्हा’ अशी त्याची परंपरा आहे. पान्हा म्हणजे दूध नव्हे, तर दुधाचे सुटणे. वासरू दिसले की गाय पान्हावते. वासरू मेले तर ती पान्हा चोरते. लेकराचे रडणे कानी पडले की आईला पान्हा फुटतो. दूध अंगात असणे आणि ते सुटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे मराठी भाषेने या एका शब्दात नोंदवून ठेविले आहे. शरीरशास्त्राला हा भेद विसाव्या शतकात स्पष्ट झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतो, हे हेन्री डेल याने १९०६ मध्ये दाखविले. त्याच ग्रंथीच्या अर्काने दूध सुटते, हे त्यानंतरच्या पाच वर्षांत प्रयोगांनी दिसून आले. दोन्ही कार्ये करणारे ऑक्सिटोसिन हे द्रव्य व्हिन्सेंट द्यू व्हिग्नो याने १९५३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि १९५५ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. पान्हा आणि प्रसूतीच्या कळा यांचा धागा एकच, ही गोष्ट पुढे आपल्या विषयात महत्त्वाची ठरणार आहे.

भाषेत असा सूक्ष्म भेद असूनही चिकाला मात्र त्यात जागा मिळाली नाही. पान्ह्याभोवती वात्सल्याची सारी कल्पनासृष्टी गुंफली गेली. चिकाभोवती काहीच नाही. ‘दूध उतरलं का?’ असा प्रश्न बाळंतिणीला विचारतात. तिचे उत्तर ‘कुठलं, चीकच हाय निस्ता’ असे असते. ‘निस्ता’ या एका शब्दात चालीचा सारा इतिहास सामावला आहे.

प्राचीन ग्रंथांची साक्ष

पहिले दूध काढून टाकण्याची चाल ‘शास्त्रात सांगितली आहे’ असे म्हटले जाते. यास्तव शास्त्र काय म्हणते ते पाहू.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात, गर्भिणीच्या आहाररसाचे तीन वाटे सांगितले आहेत : एक तिच्या स्वतःच्या शरीरपुष्टीसाठी, दुसरा स्तन्यासाठी व तिसरा गर्भाच्या वाढीसाठी. म्हणजे स्तन्य गर्भारपणातच तयार होऊ लागते, अशी चरकाची स्पष्ट भूमिका आहे. आधुनिक शरीरशास्त्र हेच सांगते. गर्भारपणाच्या मध्यापासून स्तनांतील पेशी चीक तयार करू लागतात. परंतु वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे द्रव्य विपुल दुधाची निर्मिती रोखून धरते. वार पडली की हा अडसर दूर होतो आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, हृदयस्थ धमन्या खुल्या झाल्यावर तीन वा चार रात्रींनी स्तन्य प्रवर्तित होते असे म्हटले आहे. हे निरीक्षण अचूक आहे. फक्त ते भरून येणाऱ्या दुधाचे आहे. त्यापूर्वीच्या दिवसांसाठी सुश्रुताने मध व तूप यांचे चाटण सांगितले आहे. येथे चिकाचा धिक्कार नाही. परंतु तीन दिवस दूध नसतेच असे धरून चालल्यामुळे चिकाचा उल्लेखच पडत नाही. निंदेपेक्षा हे मौन अधिक परिणामकारक ठरले असावे.

चरकाचा विधी याहून निराळा आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात जातकर्माचे वर्णन करताना तो प्रथम मंत्रोक्त मध-तूप चाटवावयास सांगतो आणि त्यानंतर त्याच विधीने उजवा स्तन प्यावयास द्यावा असे म्हणतो. तीन-चार रात्री थांबण्याची अट तेथे नाही. म्हणजे ‘शास्त्र’ एकमुखी नव्हते. दोन प्रमाण ग्रंथांत दोन निरनिराळ्या प्रथा होत्या, आणि लोकाचाराने त्यांतील एक उचलली. (मध चाटविण्याची प्रथा मात्र आज दोन्ही परींनी त्याज्य होय. मधातून क्वचित येणाऱ्या जंतुबीजांमुळे एक वर्षाखालील बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते.)

सुश्रुताचे आणखी एक वचन येथे विचारात घेतले पाहिजे. स्तन पाजण्यापूर्वी थोडे दूध पिळून काढावे, कारण भरलेल्या स्तनातून एकदम पाजल्यास बालकाला खोकला, दम व ओकारी होते, असे तो सांगतो. तट्ट भरलेला स्तन थोडा हलका करून पाजणे हा आजही दिला जाणारा सल्ला आहे. ‘थोडे काढून मग पाजावे’ या शहाण्या सूचनेचे ‘पहिले सारे काढून टाकावे’ या नियमात रूपांतर झाले असावे काय? तसा थेट पुरावा नाही. परंतु पिळण्याची क्रिया दोन्हींत एकच आहे आणि क्रिया टिकून तिचे कारण विसरले जाणे ही लोकाचारात नित्य घडणारी गोष्ट होय.

गोठा आणि बाळंतिणीची खोली

गाईच्या पहिल्या दुधाला संस्कृतात ‘पीयूष’ किंवा ‘पेयूष’ म्हणतात. अमरकोशात पीयूष हा शब्द दोनदा येतो : स्वर्गवर्गात अमृताचा पर्याय म्हणून आणि वैश्यवर्गात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाचे नाव म्हणून. एकाच शब्दाने अमृत आणि चीक या दोहोंचा बोध व्हावा, हा भाषेचा एक मोठा संकेत आहे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गाईचा पेयूष वर्ज्य सांगितला असून व्याल्यापासून दहा दिवस न उलटलेल्या गाईचे दूधही निषिद्ध मानले आहे. दहा दिवसांची ही मर्यादा बाळंतिणीच्या सोयराच्या दहा दिवसांशी जुळते, हा योगायोग नसावा. वैद्यक ग्रंथांनीही पीयूष जड, म्हणजे पचनशक्ती उत्तम असणाऱ्यासच मानवणारा, असा सांगितला आहे. एक निषेध शुचितेचा, दुसरा पचनाचा. आणि दोन्ही मुळात गाईच्या दुधाविषयी, ते पिणाऱ्या प्रौढ मनुष्याविषयी. ‘चीक’ या एकाच शब्दाखाली गाय व स्त्री एकत्र आल्यामुळे हे दोन्ही निषेध स्त्रीच्या चिकाला चिकटले, असे मला वाटते. हा तर्क आहे. पण ‘जड असतं’ आणि ‘घाण असतं’ ही आजही ऐकू येणारी कारणे नेमकी हीच दोन आहेत.

गंमत अशी की, गाईच्या बाबतीत लोकाचाराने मनूला जुमानले नाही. गूळ व वेलदोडा घालून वाफवलेला खरवस मराठी घरांत आवडीने खाल्ला जातो, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून चीक मिळणे हे भाग्य समजले जाते. कानडीत ‘गिण्णु’, तेलुगूत ‘जुन्नु’ ही गाईच्या चिकाची व त्याच्या पक्वान्नाची नावे, हिंदी-दखनीत ‘खीस’. सर्वत्र तो जिभेचा विषय आहे. गोठ्यातही जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते की, चीक न मिळालेले वासरू धरत नाही. थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये हेच प्रयोगाने दाखविले : चीक न मिळालेली वासरे बहुतांशी रोगाला बळी पडली. त्याही आधी, १८९२ मध्ये, पॉल एर्लिख याने उंदरांवरील प्रयोगांत दुधावाटे रोगप्रतिकारशक्ती पिलांकडे जाते हे सिद्ध केले होते. मनुष्याच्या अर्भकाला काही प्रतिकारद्रव्ये वारेतूनच मिळतात, म्हणून चिकावाचून ते वासरासारखे लगेच दगावत नाही. चाल टिकली ती कदाचित यामुळेच. तिची हानी त्याच दिवशी दिसत नव्हती. ती पुढे जुलाबाच्या व तापाच्या रूपाने येई आणि तिचा दोष दृष्टीला, सटवाईला वा आईच्या खाण्याला दिला जाई.

एकाच वाड्यात गोठ्यातील वासराला चीक मिळत होता, माजघरात खरवस वाटला जात होता, आणि बाळंतिणीच्या खोलीत पिळलेला चीक मातीत जात होता. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता.

हा भ्रम आपलाच नव्हे

ही चाल केवळ आपल्याकडचीच समजून खाली मान घालण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोम येथे वैद्यकी करणाऱ्या इफिससच्या सोरेनस याने पहिल्या दिवसांतील आईचे दूध जड व पचावयास कठीण म्हणून वर्ज्य सांगितले, मधपाणी चाटवावयास सांगितले, आणि लगेच पाजावे असे म्हणणाऱ्या दामास्तेस याच्यावर टीका केली. युरोपात हे मत शतकानुशतके चालले. इंग्लंडमध्ये विल्यम कॅडोगन याने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अर्भकसंगोपनावरील निबंधात बाळाला लवकर छातीशी लावावे असा आग्रह धरला. त्यानंतर तेथील प्रसूतिगृहांत हळूहळू पालट झाला. चरक-सुश्रुतांतील भेद आणि सोरेनस-दामास्तेस यांतील वाद एकाच प्रश्नाचे आहेत. फरक इतकाच की, तेथे तो वाद लेखी झाला. येथे तो सुईण आणि सासू यांच्या हाती राहिला आणि त्याची लेखी नोंद फारशी झाली नाही.

जालना जिल्ह्यातील पालट

जालना हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. या सर्व राजकीय स्थित्यंतरांत बाळंतिणीच्या खोलीतील सत्ता मात्र दीर्घकाळ पालटली नाही. १९७५ मध्ये देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन पुढे गावोगाव अंगणवाडी आली. २००५ नंतर आशा कार्यकर्ती व दवाखान्यातील बाळंतपणास साहाय्य देणारी योजना आली. सुईणीचे काम दवाखान्याकडे गेले, ते या दोन पिढ्यांत.

चाल किती व्यापक होती याची कल्पना देशव्यापी पाहण्यांवरून येते. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली मुले दहांत एकाहूनही कमी आढळली. १९९८-९९ च्या दुसऱ्या पाहणीत पहिले दूध पिळून टाकले काय, असा प्रश्न मातांना विचारण्यात आला, आणि ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण देशभरात निम्म्याहून पुष्कळ अधिक निघाले. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तासाभरात पाजण्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांपर्यंत पोचलेले दिसते. वाढ मोठी आहे. तरी निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास अजून रिताच जातो. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली तितक्या वेगाने ही चाल पालटली नाही, हाच त्याचा अर्थ.

या काळात भाषेतही एक पालट झाला. आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांतून आणि परिचारिकांच्या बोलण्यातून ‘चिकाचे दूध’ असा प्रयोग रूढ झाला. व्याकरणदृष्ट्या ही एक षष्ठी विभक्ती. परंतु तिने चीक हा पदार्थ प्रथमच ‘दूध’ या वर्गात आणून बसविला. ‘चीक पाज’ असे सांगितले असता जी सासू बिचकली असती, तिला ‘चिकाचं दूध पाज’ हे सांगणे तितके परके वाटत नाही. पारिभाषिक संज्ञा घडविणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावा असा हा धडा आहे. ‘कोलोस्ट्रम’ची नवी संस्कृत प्रतिसंज्ञा घडविण्यापेक्षा जुन्या शब्दाला एक विभक्तिप्रत्यय जोडण्याने अधिक काम झाले.

जन्मापूर्वी चीक काढणे

आता मूळ शिफारशीकडे वळू. प्रसूतीपूर्वी चीक काढण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडमधील हॅरॉल्ड वॉलर या वैद्याने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत स्त्रियांनी हाताने चीक काढण्याचा सराव करावा, असे प्रतिपादिले. त्याचा हेतू साठवण हा नव्हता. दुधाच्या वाटा मोकळ्या राहाव्यात, तिसऱ्या दिवशी स्तन दगडासारखे होऊ नयेत, आणि पाजणे अर्ध्यावर सुटू नये, हा होता. पुढे ही प्रथा मागे पडली. स्तनांना दिलेल्या उत्तेजनाने ऑक्सिटोसिन स्रवते, त्याने गर्भाशय आकुंचन पावतो, आणि कळा अकाली सुरू होतील ही भीती वैद्यांना वाटत राहिली. पान्हा आणि कळा यांचा धागा एक, असे वर म्हटले ते याचसाठी.

कल्पना परत आली ती मधुमेहाच्या निमित्ताने. मधुमेही मातेच्या रक्तातील वाढीव साखर गर्भापर्यंत पोचते, आणि ती पचविण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करते. नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, इन्शुलिन मात्र राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. अशा वेळी पुष्कळदा वरचे दूध दिले जाते; आणि एकदा वरचे सुरू झाले की अंगावरचे मागे पडते. आधी काढून ठेवलेला चीक असला, तर ही वेळ टळण्याचा संभव असतो.

भीती खरी की खोटी, याची पद्धतशीर परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली व तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेल्या, परंतु अन्य धोका नसलेल्या ६३५ गर्भवतींचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. एका गटाने छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांपर्यंत, हाताने चीक काढला. नवजात बालकांना अतिदक्षता कक्षात ठेवण्याचे प्रमाण एका गटात १५ व दुसऱ्यात १४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. पहिल्या चोवीस तासांत केवळ मानवी दुधावर राहिलेल्या बाळांचे प्रमाण चीक काढणाऱ्या गटात ६९, तर दुसऱ्या गटात ६० टक्के होते. तीन महिन्यांनंतर मात्र असा स्पष्ट भेद राहिला नाही. निष्कर्ष मर्यादित आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. अकाली प्रसूतीचा धोका, गर्भाशयाच्या मुखाला घातलेला टाका, खाली असलेली वार वा रक्तस्राव, यांपैकी काही असल्यास ही गोष्ट करावयाची नसते; इतर कोणीही ती वैद्यांच्या सल्ल्यावाचून आरंभू नये.

कृती साधी आहे. हात धुऊन, स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या किंचित मागे अंगठा व बोटे ठेवून, प्रथम छातीकडे दाबावे आणि मग बोटे एकमेकांकडे आणावीत. कातडीवरून बोटे घासू नयेत; दुखू देऊ नये. निघतात ते थेंब. पहिल्या दिवसांत काहीच न निघणेही स्वाभाविक आहे आणि त्यावरून पुढे दूध येणार नाही असे अनुमान काढणे चूक. थेंब लहान निर्जंतुक पिचकारीत घेऊन, तीवर तारीख लिहून, गोठवून ठेवतात. आपल्या खेड्यांत अडचण येते ती येथे. विजेचा भरवसा नसलेल्या घरी ही साठवण सांभाळणे सोपे नाही. परंतु हाताने चीक काढण्याची कला ज्या स्त्रीला बाळंतपणापूर्वीच अवगत झाली, तिच्या हाती शीतकपाटावाचूनही पुष्कळ काही राहते : बाळ अशक्त असो, ओढत नसो, वा काचेच्या पेटीत दूर ठेवलेले असो, जन्माच्या पहिल्या तासात ती चमचाभर चीक काढून देऊ शकते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापिली, ती अशाच अकाली जन्मलेल्या बालकांसाठी. २०१४ मध्ये केंद्र शासनाने गर्भवतींच्या मधुमेहतपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त पाहावयाचे. ही तपासणी जसजशी उपकेंद्रापर्यंत पोचेल, तसतसा जन्मापूर्वीच्या चिकाचा प्रश्न भोकरदन-मंठ्याच्या स्त्रीपुढेही येणार आहे.

टाकणे आणि ठेवणे

सुईणीने शिकविलेली क्रिया आणि परिचारिका शिकवीत असलेली क्रिया यांची तुलना केली, तर बोटांच्या हालचालीत फारसा भेद दिसत नाही. भेद आहे तो सहायक क्रियापदात. मराठीत आपण ‘काढून टाकणे’ आणि ‘काढून ठेवणे’ असे दोन संयुक्त प्रयोग करतो. मुख्य क्रियापद तेच. ‘टाकणे’ने क्रिया संपते आणि वस्तू आपल्यापासून दूर जाते; ‘ठेवणे’ने क्रिया पुढील काळाकडे पाहते आणि वस्तू कोणासाठी तरी राहते. चिकाचा सारा इतिहास या दोन सहायक क्रियापदांच्या मध्ये पडलेला आहे. आरोग्यशिक्षणाचे काम जुनी क्रिया पुसून नवी शिकविण्याचे नाही. जी क्रिया आजींच्या हाताला ठाऊक आहे, तिचे शेवटचे पद बदलण्याचे आहे. असे सांगितले असता आजी विरोधक राहत नाही. ती शिक्षिका होऊ शकते.

घनसावंगी तालुक्यातील जांब येथे शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील दुसऱ्या समासात त्यांनी तान्ह्या मुलाचे दुःख सांगितले आहे. सुखदुःख सांगावयास त्याला वाचा नसते. ते भुकेने आक्रंदते, आई वरून कुरवाळते, पण आतील पीडा तिला कळत नाही. संसाराच्या असारतेचे उदाहरण म्हणून समर्थांनी हे लिहिले. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला वाचा नाही त्याच्या वतीने बोलण्याचे काम मोठ्यांच्या भाषेकडे येते. आणि त्या भाषेत ‘दूध अजून आलं नाही’ असे वाक्य असेल, तर बाळ तीन दिवस उपाशी राहते. अंगात अन्न आहे, बाळ भुकेले आहे, आई जवळ आहे. आडवा येतो तो केवळ एक शब्द.

तो शब्द टाकून देण्याचे कारण नाही. ‘चीक’ हा जुना, नेमका व आपला शब्द आहे. चरकाने गर्भिणीच्या आहाररसाचा जो दुसरा वाटा सांगितला, तो हाच; अमरकोशाने ज्याला अमृताचे नाव दिले, त्याच जातीचा हा पदार्थ. यापुढे जालन्याच्या एखाद्या दवाखान्यात बाळंतिणीला ‘दूध आलं का?’ असे कोणी विचारील, तेव्हा ‘चीक आलाय’ हे तिचे उत्तर ‘निस्ता’ या शब्दावाचून यावे, आणि ऐकणाऱ्याने ते ‘होय’ असे समजावे, एवढीच अपेक्षा.